आग्नेस फॉन मान्सफेल्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही आग्नेस नेमकी कोण?

जर्मनीतल्या मान्सफेल्ट घराण्यातली काउंटची मुलगी. जन्म १५५१ चा, मृत्यू १६३७ चा. गेरेसहाइम इथल्या खानदानी स्त्रियांच्या धर्मसंस्थेत ती कॅननेस, म्हणजे तिथली सदस्य, होती. ते पद सोडून तिने २ फेब्रुवारी १५८३ रोजी कोलोनचा आर्चबिशप गेबहार्ट ट्रुखसेस फॉन वाल्डबुर्ग याच्याशी लग्न केलं. लग्नानंतर ऱ्हाइनकाठी पाच वर्षं लढाया झाल्या. इतिहासात त्यांना ‘कोलोनचं युद्ध’ म्हणतात.

म्हणजे ती नन होती आणि मठातून पळाली, असंच ना?

नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, आणि त्यात आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. ‘मठ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संन्यास येतो. वस्त्रं बदलली, नाव बदललं, घरादाराशी संबंध संपला. गेरेसहाइम त्या अर्थाने मठ नव्हता. जर्मन भाषेत अशा संस्थेला ‘श्टिफ्ट’ म्हणतात. उमराव घराण्यातल्या अविवाहित मुली तिथे राहायच्या, ठरलेल्या वेळी चर्चमध्ये प्रार्थना म्हणायच्या आणि संस्थेच्या जमिनींच्या उत्पन्नातला वाटा घ्यायच्या. स्वतःची मालमत्ता बाळगायची मुभा होती, दासी ठेवता यायची, नातेवाइकांकडे जाऊन राहता यायचं.

मुख्य म्हणजे, कॅननेस आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेत नसे. लग्न जमलं की जागा सोडायची, हा रिवाजच होता. अनेक मुली तिथे लग्न जमेपर्यंत राहायच्या, काही कायमच्या राहायच्या. मठाधिपती स्त्रीचे नियम मात्र बऱ्याच ठिकाणी अधिक कडक असत. आग्नेस त्या पदावर नव्हती.

तेव्हा तिने कुठलीही शपथ मोडली नाही. सकाळी राजीनामा दिला असता तर संध्याकाळी बोहल्यावर उभी राहू शकली असती. अडचण नवऱ्यामुलाची होती. हे एक वाक्य लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मग प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरची बायको? तीही धर्मसंस्था सोडूनच आली होती ना?

कातारिना फॉन बोरा. हो, पण तिची गोष्ट वेगळी. ती खरोखरीची नन होती, ग्रिमाजवळच्या निम्बशेनच्या सिस्टर्शियन मठात १५१५ साली शपथ घेतलेली. १५२३ च्या ईस्टरच्या रात्री ती काही मैत्रिणींबरोबर तिथून निसटली. टॉर्गाऊचा व्यापारी लेओनहार्ट कोपे मठाला मासे वगैरे पुरवायचा, त्याच्या गाडीतून. हेरिंगच्या पिंपांत लपून आल्या असं रंगवून सांगतात, पण पिंपांच्या आत की पिंपांच्या मधे यावर वाद आहे. १३ जून १५२५ रोजी तिचं लूथरशी लग्न झालं.

चर्चच्या कायद्याने पाहिलं तर कातारिनाचा ‘गुन्हा’ आग्नेसपेक्षा कितीतरी मोठा. तिने शपथ मोडली, आधी भिक्षू असलेल्या तिच्या नवऱ्यानेही मोडली. तरी त्या लग्नापायी कुणी तोफा आणल्या नाहीत, कारण लूथरकडे राज्य नव्हतं. गेबहार्टकडे होतं.

एवढ्या मोठ्या घरातली मुलगी अशा संस्थेत का जाईल?

मोठं घर पोकळ झालं होतं म्हणून. मान्सफेल्टची काउंटी तांब्याच्या खाणींवर श्रीमंत झाली. लूथर जन्मला आणि वारला ते आइसलेबेन याच काउंटीतलं, त्याचे वडीलही तिथल्याच तांब्याच्या धंद्यातले. पण या घराण्यात वाटण्यांवर वाटण्या झाल्या. प्रत्येक शाखेला आपला दरबार हवा, आपला किल्ला हवा. कर्ज इतकं वाढलं की १५७० मध्ये घराण्याच्या मोठ्या भागावर वरिष्ठ सत्ताधीशांनी जप्तीची देखरेख बसवली. आग्नेस त्याच भागातल्या आइसलेबेन शाखेची. भाऊ-बहिणी बऱ्याच, आणि हुंडा द्यायची ऐपत आटलेली. अशा घरच्या मुलीला प्रतिष्ठेने राहण्याची सोय म्हणजे श्टिफ्ट.

एक गंमत अशी की ती प्रॉटेस्टंट होती आणि तरीही गेरेसहाइममध्ये होती. तेव्हाच्या ऱ्हाइनलँडमध्ये हे चालत असे. सरहद्दी आपल्याला पुस्तकात दिसतात तितक्या रेखीव नव्हत्या.

गेबहार्ट कोण होता? ‘आर्चबिशप’ म्हणजे धर्मगुरूच ना?

धर्मगुरू, आणि राजाही. कोलोनचा आर्चबिशप ऱ्हाइनच्या काठावरच्या मोठ्या मुलखाचा आणि वेस्टफालियाच्या डचीचा शासक होता. कर, सैन्य, न्यायदान सगळं त्याच्याकडे. शिवाय पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडणाऱ्या सात निर्वाचकांपैकी तो एक. गंमत म्हणजे खुद्द कोलोन शहर त्याचं नव्हतं. १२८८ च्या वोरिंगेनच्या लढाईनंतर शहराने आर्चबिशपला जवळजवळ हाकलूनच दिलं होतं, त्यामुळे त्याचा मुक्काम बॉन आणि ब्रूलला.

गेबहार्टचा जन्म १५४७ चा, दक्षिणेकडच्या स्वाबियातल्या कट्टर कॅथलिक घराण्यातला. काका ओटो हे आउग्सबुर्गचे कार्डिनल. डिसेंबर १५७७ मध्ये कोलोनच्या कॅथेड्रलच्या कारभारी मंडळाने त्याची निवड केली. समोर उमेदवार होता बव्हेरियाच्या ड्यूकचा मुलगा एर्न्स्ट. तो थोडक्यात हरला आणि ते विसरला नाही.

दोघांची भेट कशी झाली? जादूच्या आरशाची गोष्ट खरी का?

आग्नेसची बहीण कोलोन शहरात राहायची, एका बॅरनची पत्नी म्हणून. आग्नेस तिच्याकडे येई. १५७९ च्या सुमारास गेबहार्टची आणि तिची ओळख झाली, एवढं धरून चालायला हरकत नाही.

आरशाची कथा अशी: स्कोटो नावाच्या इटालियन जादूगाराने आर्चबिशपला मायावी आरशात आग्नेसचं रूप दाखवलं आणि तो घायाळ झाला. स्कोटो हा त्या काळी दरबारांत फिरणारा नामांकित हातचलाखीवाला होता, हे खरं. पण आरसा गेबहार्टच्या विरोधकांना फार सोयीचा होता, हेही लक्षात घ्या. आर्चबिशप धर्म सोडतो याला ‘चेटूक’ हे छान स्पष्टीकरण. काउंटची मुलगी तीस वर्षांची, सुंदर म्हणून ख्याती असलेली आणि तासाभराच्या अंतरावर राहणारी असताना आरशाची गरज कुणाला पडते?

लग्नाचा आग्रह कुणी धरला?

आग्नेसच्या भावांनी. संबंध लपून राहिला नव्हता. त्या काळी बिशपांच्या रखेल्या असणं हे गुपित नसे, लोक बघून न बघितल्यासारखं करत. पण त्या बहुधा लहान घरांतल्या बायका. ही काउंटची मुलगी. भाऊ आले आणि म्हणाले, बहिणीची अब्रू गेली आहे, लग्न करा. कर्जात बुडालेल्या घराण्याकडे अब्रू हीच काय ती शिल्लक होती.

गेबहार्टने लग्नाचं वचन दिलं. सुरुवातीला त्याचा विचार गादी सोडून लग्न करायचा होता, असं सांगितलं जातं. आसपासच्या प्रॉटेस्टंट सरदारांनी आणि मित्रांनी त्याला वेगळा सल्ला दिला: लग्नही कर आणि गादीही ठेव.

सरळ राजीनामा देऊन लग्न का केलं नाही? कुणी अडवलं होतं?

कुणीच नाही! याच गादीवर त्याच्या आधी बसलेल्या सालेन्टिन फॉन इझेनबुर्गने नेमकं तेच केलं होतं. आपल्या घराण्यात वारस राहिला नाही हे पाहून सालेन्टिनने १५७७ मध्ये आर्चबिशपपद सोडलं आणि त्याच वर्षी आरेनबेर्ग घराण्यातल्या आंतोनिया विल्हेल्मिनाशी लग्न केलं. कुणी भुवई उंचावली नाही. पुढे युद्ध पेटलं तेव्हा हाच सालेन्टिन कॅथलिकांच्या बाजूने गेबहार्टविरुद्ध उभा राहिला.

त्यामुळे ‘प्रेमासाठी गादी सोडणारा आर्चबिशप’ असं गेबहार्टबद्दल कुणी लिहिलं की मला हसू येतं. गादी सोडली ती सालेन्टिनने. गेबहार्टने सोडायला नकार दिला.

१५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहात याबद्दल स्पष्ट कलम होतं. सामान्य राजाने पंथ बदलला तर त्याचं राज्यही त्याच्याबरोबर जाई. पण बिशप किंवा आर्चबिशप प्रॉटेस्टंट झाला तर पद आणि मुलूख दोन्ही त्याने सोडायचे. प्रॉटेस्टंट पक्षाने ते कलम मनापासून कधी मान्य केलं नाही. उत्तर जर्मनीत काही ठिकाणी ते गुपचूप मोडलंही गेलं होतं. गेबहार्टला वाटलं असावं, तिथे खपलं तर इथेही खपेल.

लग्न कुठे झालं?

बॉनमध्ये, ‘रोझेन्टाल’ नावाच्या घरात, खासगी सोहळ्यात, आणि नंतर राजवाड्यात मेजवानी. त्याआधी नोव्हेंबर १५८२ मध्ये गेबहार्टने सैनिक पाठवून बॉन हातात घेतलं होतं आणि डिसेंबरात आपण नवा पंथ स्वीकारत असल्याचं जाहीर केलं होतं. थोडक्यात, लग्नाच्या तयारीत आधी तटबंदी, मग मेजवानी. मार्चअखेर पोप ग्रेगरी तेराव्याने त्याला बहिष्कृत करून पदावरून काढलं आणि मे महिन्यात कारभारी मंडळाने त्याच एर्न्स्टला निवडलं. एका गादीवर दोन आर्चबिशप.

पण एका लग्नापायी एवढं युद्ध?

लग्नापायी नाहीच. हिशेब मतांचा होता.

सम्राट निवडणारे सात जण. तीन आर्चबिशप: माइन्झ, ट्रियर आणि कोलोन. चार राजे: बोहेमिया, पॅलेटिनेट, सॅक्सनी, ब्रांडेनबुर्ग. यांपैकी शेवटचे तिघे १५८३ मध्ये प्रॉटेस्टंट होते. बोहेमियाचं मत स्वतः सम्राटाच्या कॅथलिक हाब्सबुर्ग घराण्याकडे. म्हणजे कॅथलिक चार, प्रॉटेस्टंट तीन. आता कोलोन गेबहार्टबरोबर तिकडे गेलं तर? तीन विरुद्ध चार, आणि पुढचा सम्राट प्रॉटेस्टंट निवडता येईल. व्हिएन्ना, प्राग, म्युनिक, रोम, माद्रिद, सगळीकडे एकाच वेळी धाबं दणाणलं ते यामुळे.

त्यात भूगोलाची भर. कोलोनचा मुलूख नेदरलँड्सला लागून. तिथे स्पेन आणि डच बंडखोरांचं युद्ध चालूच होतं. ऱ्हाइनवरचे घाट आणि किल्ले ज्याच्याकडे, त्याच्या सैन्याची वाट मोकळी. त्यामुळे भांडण जर्मन राहिलं नाही. एका बाजूने बव्हेरियाचा पैसा आणि नंतर स्पेनचं सैन्य आलं, दुसऱ्या बाजूने डच आणि भाडोत्री शिपाई.

मग सगळे प्रॉटेस्टंट राजे गेबहार्टच्या मागे उभे राहिले असतील?

राहिले नाहीत. सॅक्सनी आणि ब्रांडेनबुर्गचे निर्वाचक लूथरपंथी, आणि गेबहार्टच्या भोवती जमलेले सरदार बहुतेक कॅल्विनपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्याच दुसऱ्या पंथाचे. या दोघांचं आपसात कॅथलिकांशी नसेल एवढं वैर. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असं नाही. शिवाय सॅक्सनीच्या आउगुस्टला १५५५ ची शांतता मोडायची नव्हती. सैन्य घेऊन आला तो एकटा पॅलेटिनेटचा योहान काझिमिर. तोही ऑक्टोबर १५८३ मध्ये त्याचा निर्वाचक भाऊ वारला तेव्हा लहान पुतण्याच्या पालकत्वासाठी हायडेलबर्गला परतला.

युद्धात काय काय झालं?

सगळं सांगायचं तर कंटाळा येईल. गावं लुटली गेली, परत लुटली गेली, हाच मुख्य मजकूर. पण गोडेसबुर्गचा वेढा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बॉनच्या दक्षिणेला डोंगरावर हा किल्ला. नोव्हेंबर १५८३ मध्ये एर्न्स्टचा भाऊ फर्डिनांड त्याला वेढा घालून बसला. तोफांचा मारा होऊनही गडावरचे लोक नमेनात. मग सुरुंग. डोंगराच्या पोटात खोदून सुमारे दीड हजार पौंड दारू भरली आणि १७ डिसेंबरला बत्ती दिली. भिंतीचा मोठा भाग उडाला, पण ढिगाऱ्यामुळे वाटही बुजली. तेव्हा हल्लेखोरांपैकी काही जण शौचकूपाच्या नळीतून वर चढून आत गेले. ‘तानाजीची घोरपड’ असल्या कथांवर वाढलेल्या आपल्याला ही चढाई जरा निराळ्या वासाची वाटेल, पण किल्ला पडला तो असा. आतल्या बहुतेकांची कत्तल झाली. किल्लेदार आणि थोडे लोक वाचले.

दीडेक महिन्यात बॉनही गेलं. तिथे गेबहार्टचा भाऊ कार्ल ठाणेदार होता. पगार थकलेल्या शिपाई मंडळींनी बंड करून त्यालाच शत्रूच्या हवाली केलं. १५८५ मध्ये गेबहार्टच्या बाजूच्या आडोल्फ फॉन नॉइएनारने नॉइस शहर घेतलं. पुढच्या वर्षी, जुलै १५८६ मध्ये, स्पेनचा सेनापती पार्माचा राजपुत्र फार्नेझे तिथे येऊन धडकला आणि शहर जळून खाक झालं. नॉइसच्या लोकांना ना आग्नेस ठाऊक होती, ना सात मतांचा हिशेब.

निदान जिंकलेला एर्न्स्ट तरी आदर्श धर्मगुरू होता का?

इथे हसू आवरत नाही. एर्न्स्टकडे फ्रायझिंग, हिल्डेसहाइम आणि लिएज ही तीन बिशपपदं आधीच होती. कोलोन चौथं, मग म्युन्स्टर पाचवं. एका माणसाने एवढी पदं घेऊ नयेत असं ट्रेंटच्या धर्मसभेने बजावून फार वर्षं झाली नव्हती. आणि गेरट्रूड फॉन प्लेटेनबेर्ग या उमराव बाईशी त्याचे अनेक वर्षं संबंध होते, त्यांना मुलगाही होता. त्याने फक्त तिच्याशी लग्न केलं नाही. नियमाच्या दृष्टीने तेवढं पुरेसं ठरलं.

कोलोनची गादी मात्र त्याच्या घराण्याला फळली. बव्हेरियाचे राजपुत्र तिच्यावर एकामागून एक १७६१ पर्यंत बसले.

आग्नेसचं पुढे काय झालं?

पराभूत नवऱ्याबरोबर ती नेदरलँड्सला गेली. तिथे त्यांनी डच आणि इंग्रजांची मदत मागत काही वर्षं काढली. इंग्लंडच्या राणीने पाठवलेल्या लेस्टरच्या अर्लशी गेबहार्टचं चांगलं जमलं, पण हाती फारसं काही लागलं नाही. शेवटी गेबहार्टने हक्काचा नाद सोडला. स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलमधलं डीन (कारभारी मंडळाचा प्रमुख) हे पद त्याच्याकडे आधीपासून होतं. १५८९ च्या सुमारास दोघं तिकडे गेले. १६०१ च्या मे महिन्यात तो वारला आणि स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये पुरला गेला. मरताना त्याने पत्नीला वुर्टेमबेर्गच्या ड्यूकच्या आश्रयाला सोपवलं.

त्यानंतर ती ३६ वर्षं जगली. १६१८ मध्ये जर्मनीत ‘तीस वर्षांचं युद्ध’ सुरू झालं तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती आणि मेली तेव्हाही ते चालूच होतं. गेरेसहाइमची कॅननेस म्हणून राहिली असती तर कदाचित खोली, जेवण आणि उत्पन्न शेवटपर्यंत मिळालं असतं. पण हा माझा हिशेब आहे, तिचा नव्हे. तिने नवऱ्याबरोबर हद्दपारीची सतरा-अठरा वर्षं काढली.

वेगवेगळ्या पुस्तकांत तारखा दहा दिवसांनी वेगळ्या का दिसतात?

कारण ऑक्टोबर १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेराव्याने, म्हणजे गेबहार्टला बहिष्कृत करणाऱ्याच पोपने, कॅलेंडरमधले दहा दिवस गाळले. स्पेन, पोर्तुगाल वगैरेंनी ते लगेच मानलं. जर्मनीतल्या कॅथलिक मुलखांनी वर्ष-दोन वर्षांत, आणि प्रॉटेस्टंट मुलखांनी बहुतांशी १७०० मध्ये. त्यामुळे एकाच युद्धातले दोन पक्ष काही काळ वेगवेगळ्या तारखा लिहीत होते. गेबहार्टची पुण्यतिथी २१ की ३१ मे हा घोळ त्यातलाच.

मग दोष आग्नेसचा म्हणायचा की नाही?

जुन्या लेखनात ती ‘सुंदर मान्सफेल्टीण’ म्हणून येते: तिच्यापायी राज्य बुडालं, शहर जळलं. मला हे पटत नाही. या गोष्टीतला लग्नाचा कायदेशीर हक्क असलेला एकमेव माणूस तीच होती. सोडायचं तेवढं तिने सोडलं, गेरेसहाइमची जागा. गादी धरून बसायचा निर्णय गेबहार्टचा, त्याच्या सल्लागारांचा. आणि गादी हिसकावण्याची तयारी बव्हेरियाच्या राजधानीत, म्युनिकमध्ये, एर्न्स्ट १५७७ ची निवडणूक हरला त्या दिवसापासून होती. तिच्या भावांनाही विचारायला हवं, पण त्यांना कुणी ‘सुंदर’ म्हटलं नाही, म्हणून ते सुटले.

ते एक मत शेवटी वापरलं कुणी?

सम्राट रुडॉल्फ दुसऱ्याची निवड १५७५ मध्येच होऊन गेली होती. तो जगला जानेवारी १६१२ पर्यंत. म्हणजे ज्या मतासाठी नॉइस जळलं, ते टाकायची वेळ पुढची जवळपास तीस वर्षं आलीच नाही. गेबहार्ट तर ११ वर्षांपूर्वीच गेला होता. एर्न्स्टला निदान ती संधी मिळायला हवी होती, पण तो रुडॉल्फनंतर महिन्याभरात, फेब्रुवारी १६१२ मध्ये वारला. जूनमध्ये माथियास सम्राट म्हणून निवडला गेला तेव्हा कोलोनचं मत टाकलं एर्न्स्टच्या पुतण्याने. आग्नेस तेव्हा हयात होती.

यातलं आज काय बघायला मिळतं?

गेरेसहाइम आता ड्युसेलडॉर्फ शहरातला एक भाग आहे. संस्थेचं तेराव्या शतकातलं चर्च, सेंट मार्गारेटाची बॅसिलिका, अजून उभं आहे. १२३६ मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं, म्हणजे आग्नेस प्रार्थनेला बसायची ते हेच.

गोडेसबुर्गचा बुरूज बॉनच्या बाड गोडेसबेर्ग भागात डोंगरावर दिसतो. बाकी भग्नावशेषांतच १९५९ मध्ये नवं बांधकाम करून हॉटेल आणि उपाहारगृह उभारलं. सुरुंगाने भिंत फुटली तेव्हा ढिगाऱ्यात काळ्या संगमरवराची एक पाटी सापडली: किल्ल्याची कोनशिला, १५ ऑक्टोबर १२१० ची, आर्चबिशप डीट्रिखच्या नावाने. एका आर्चबिशपने बसवलेला दगड दुसऱ्या आर्चबिशपच्या सैन्याने तिसऱ्याविरुद्ध लढताना उकरून काढला. तो बॉनच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे.